डायला धरणारा डीएनए: तो कुठे सापडतो आणि कुठे निसटतो

ॲप्टामर म्हणजे घडी घालून एखाद्या ठरावीक रेणूला धरणारा डीएनएचा किंवा आरएनएचा छोटा तुकडा. त्याचा इतिहास डायपासूनच, म्हणजे रंगद्रव्यापासूनच, सुरू होतो. १९९० साली एलिंग्टन आणि शोस्टाक यांनी आरएनएच्या यादृच्छिक क्रमांमधून रेणू वेचले, ते सिबाक्रॉन ब्लूसारख्या सेंद्रिय रंगांना धरणारे होते. 'ॲप्टामर' हा शब्दही तिथलाच. दोन वर्षांनी त्यांनी हेच एकेरी साखळीच्या डीएनएवर करून दाखवलं. त्यामुळे डाय म्हणजे सोपं लक्ष्य, असा समज रुळला आहे. पकडायला डाय सोपा आहे खरा: सपाट वलयं, विद्युतभार, डीएनएच्या बेसवर (ए, टी, जी, सी) जाऊन बसायची हौस. पण नेमकं तेच अडचणीचं ठरतं. जो रेणू कुठल्याही डीएनएला चिकटतो, त्याच्यासाठी खास डीएनए शोधायचा असतो. शिवाय डाय हा एकाच वेळी लक्ष्यही असतो आणि मोजमापाचं साधनही, त्यामुळे चूक कुठल्या बाजूला झाली हे पटकन उमगत नाही.

म्हणून लायब्ररी, म्हणजे ज्यातून हा डीएनए वेचायचा ते यादृच्छिक क्रमांचं मिश्रण, मागवण्याआधी आठवडाभर आम्ही नुसत्या डायबरोबर घालवतो.

बायोसेन्सरसाठी सहसा असा डाय हवा असतो जो मोकळा असताना अंधारा आणि पकडला गेल्यावर उजळणारा. मॅलकाइट ग्रीन, थायाझोल ऑरेंज, थायोफ्लेव्हिन टी, डीएफएचबीआय हे त्या जातीचे. यांच्या रेणूतले दोन भाग एका बंधाभोवती फिरतात, आणि शोषलेली ऊर्जा त्या फिरण्यात जिरते. फिरणं अडलं की तीच ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. मॅलकाइट ग्रीन त्याच्या आरएनए ॲप्टामरमध्ये बसला की २००० पटींहून जास्त उजळतो, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. पण ते फिरणं कोण अडवतं याची डायला फिकीर नसते. ग्लिसरॉलने अडवलं तरी तो उजळतो, अल्ब्युमिनने अडवलं तरी उजळतो, आणि डिटर्जंटच्या मिसेलमध्ये (रेणूंच्या सूक्ष्म गोळ्यात) शिरला तरी उजळतो.

पहिली चाचणी त्यासाठीच. १ मायक्रोमोलर डाय घ्यायचा आणि तो वेगवेगळ्या नळ्यांत तपासायचा: नुसता बफर, ९० टक्के ग्लिसरॉल, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर सॅमन माशाचा डीएनए, ५ मायक्रोमोलर यादृच्छिक लायब्ररी, आणि एखादा साधा जी-क्वाड्रुप्लेक्स (ग्वानिन, म्हणजे जी बेस चार-चारच्या सपाट थरांत रचलेली घडी). ग्लिसरॉलमधली चमक साधारण अंदाज देते की फिरणं अडल्यावर हा डाय कुठवर जाऊ शकतो. सॅमन डीएनएमधली चमक ही पार्श्वभूमी. या दोहोंतलं अंतर कमी असेल तर डाय बदलावा. थायाझोल ऑरेंज इथेच अडखळतो, कारण तो कुठल्याही डीएनएच्या जोड्यांमध्ये घुसून उजळतो. त्याच्यासाठी चांगला ॲप्टामर मिळू शकतो, पण रक्तातल्या किंवा पेशींच्या डीएनएसमोर सेन्सर चालवायचा असेल तर पार्श्वभूमी आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. डीएफएचबीआय या बाबतीत सभ्य आहे. हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाच्या रंगकेंद्रावरून तो बेतला आहे आणि परक्या न्यूक्लिक आम्लाकडे तो जवळपास दुर्लक्ष करतो.

दुसरी गोष्ट शुद्धता. बाटलीवर लिहिलेलं वजन म्हणजे डायचं वजन नव्हे, त्यात क्षार आणि पाणी असतं. डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलरचं द्रावण करून, त्यातलं थोडं पातळ करून, शोषणांकावरून खरी संहती काढायची आणि मूळ द्रावण छोट्या छोट्या हिश्शांत, गडद नळ्यांत उणे २० अंशांवर ठेवायचं. ऱ्होडामीन आणि फ्लुओरेसिनचे काही प्रकार '५ आणि ६' अशा दोन समघटकांचं मिश्रण म्हणून विकले जातात. ॲप्टामर त्यातल्या एकालाच धरत असेल तर बांधणीचा आलेख अर्ध्यावर सपाट होतो आणि दोष डीएनएला दिला जातो. एकच समघटक मागवावा, थोडे जास्त पैसे पडले तरी.

पीएचकडेही आधीच पाहावं. फ्लुओरेसिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आपला भार बदलतात) ६.४ च्या आसपास असल्यामुळे बफर ७.४ वरून ६.८ ला घसरला तरी चमक उतरते. मॅलकाइट ग्रीनचं उलट दुखणं: ७ च्या वरच्या पीएचला तो हळूहळू बिनरंगी कार्बिनॉल रूपात जातो. सकाळी केलेलं द्रावण दुपारी फिकं दिसतं ते यामुळे, प्रकाशाने विरल्यामुळेच असं नाही.

लायब्ररी

आमची नेहमीची रचना ८० न्यूक्लिओटाइडची: दोन्ही टोकांना २०-२० चे ठरलेले प्रायमर भाग (प्रती काढायला इथून सुरुवात होते) आणि मधे ४० यादृच्छिक. ४० जागांचे शक्य क्रम १२ वर २३ शून्यं इतके. ते सगळे एकेकदा नळीत घ्यायचे तर सुमारे ५० किलो डीएनए लागेल. आपण घेतो १ नॅनोमोल, म्हणजे साधारण २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६ वर १४ शून्यं इतके रेणू. दर २०० कोटी शक्य क्रमांमागे एक. तरीही काम भागतं, कारण डायची खोबण बनवायला बहुधा १५-२० नेमके बेस पुरतात. यादृच्छिक भाग ६० किंवा ८० करायचा मोह टाळावा. लांब क्रमात गुंतागुंतीच्या घड्या जास्त मिळतात हे खरं, पण पीसीआरचे, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेचे, उपद्रवही तितकेच वाढतात.

लायब्ररी मागवताना चारही बेसचं मिश्रण जोडणीच्या वेगानुसार दुरुस्त केलेलं हवं असं स्पष्ट लिहावं. आपोआप समसमान मिसळलेल्या मिश्रणात काही बेस जास्त वेगाने जोडले जातात आणि लायब्ररी सुरुवातीपासूनच कलते. शुद्धीकरण जेलवरचंच हवं. ७८-७९ लांबीचे अर्धवट तुकडे राहिले तर पुढे क्रमवाचनात नसते घोळ होतात.

इथे डायच्या निवडीत एक सापळा आहे, आणि तो नेहमीच्या पद्धती डोळे मिटून उचलणाऱ्यांसाठीच मांडलेला असतो. बहुतेक प्रयोगशाळा डीएनए किती उतरला हे मोजायला फॅम या फ्लुओरेसिनच्या टॅगचा प्रायमर वापरतात. लक्ष्य जर फ्लुओरेसिन किंवा त्याचा भाऊबंद असेल, तर प्रत्येक रेणू आपलं लक्ष्य शेपटीला बांधूनच फिरत असतो! खोबण असलेला डीएनए स्वतःच्याच टॅगला धरून बसतो आणि द्रावणातल्या डायसाठी जागाच उरत नाही. चांगले रेणू अशा रीतीने आधी बाद होतात. म्हणून डायच्या निवडीत प्रायमर बिनटॅगचे ठेवावेत आणि मोजणी क्यूपीसीआरने, म्हणजे प्रती वाढता वाढता मोजणाऱ्या पीसीआरने, करावी. क्यूपीसीआरच्या तयार मिश्रणात कधी कधी रॉक्स हा संदर्भ-डाय असतो, तो ऱ्होडामीन कुळातला. लक्ष्य लाल डाय असेल तर रॉक्स नसलेलं मिश्रण घ्या.

डाय बांधायचा की लायब्ररी?

जुनी रीत म्हणजे डाय ॲगारोजच्या मण्यांना बांधायचा आणि त्यावरून लायब्ररी वाहू द्यायची. ती अजूनही चालते, पण डाय बांधायला त्याला हात लागतो, आणि तो हात म्हणजे बहुधा कार्बॉक्सिल गट. तो अमाइड झाला की एक ऋणभार गेला. ॲप्टामर मग 'डाय अधिक जोडसाखळी' ओळखायला शिकतो आणि मोकळ्या डायला नीट ओळखत नाही. त्यात डायने गच्च भरलेला मणी म्हणजे तेलकट, भारित पृष्ठभाग, त्याला काहीही चिकटतं. बांधलेल्या डायची घनता मुद्दाम कमी ठेवली आणि उतरवताना गरम पाणी किंवा युरिया न वापरता मोकळाच डाय वापरला तर ही पद्धत सुसह्य होते.

आम्ही आता बहुतेक वेळा उलटं करतो: लायब्ररी मण्याला, डाय मोकळा. २०१२ पासून ही 'कॅप्चर सिलेक्स' नावाने रूढ आहे (सिलेक्स म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी केलेली अशी निवड). लायब्ररीतल्या ठरलेल्या १२ ते १५ बेसच्या भागाला पूरक असा बायोटिन लावलेला छोटा ऑलिगो, म्हणजे डीएनएचा तुकडा, घ्यायचा. लायब्ररी १ आणि ऑलिगो ५ या प्रमाणात बफरमध्ये मिसळून ९५ अंशांवर ५ मिनिटं, मग अर्ध्या तासात हळूहळू खोलीच्या तापमानाला. आमचा बफर २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४, १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. हे बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिन ॲगारोजच्या छोट्या स्तंभावर चढवायचं. डाय आला, एखाद्या रेणूने त्याला धरण्यासाठी घडी बदलली, की तो ऑलिगोपासून सुटून खाली येतो. म्हणजे बांधणीबरोबर आकार बदलणारेच रेणू निवडले जातात, आणि सेन्सरला तेच हवे असतात.

या पद्धतीचा जीव धुण्यात आहे. ऑलिगो आणि लायब्ररीची जोडी डाय नसतानाही थोडी थोडी सुटत राहते. २५० मायक्रोलिटरच्या किमान १० धुण्या द्याव्यात आणि शेवटच्या ३ क्यूपीसीआरने मोजाव्यात. त्या तिन्ही सारख्या आल्या की गळती स्थिरावली. मगच डाय, तेही त्याच २५० मायक्रोलिटरच्या ३ भागांत. गळती थांबतच नसेल तर ऑलिगो एक-दोन बेसनी लांब करावा. फार लांब केला तर डायने धरलेला रेणूही सुटत नाही. १२ ला गळतो आणि १८ ला हलत नाही, अशी ही कसरत असते.

डायमुळे इथे दोन खास अडचणी येतात. धनभारित, जोड्यांत घुसणारा डाय ऑलिगोची जोडी उलट घट्ट करतो. १०० मायक्रोमोलर डाय घातल्यावर गळती वाढायच्या ऐवजी कमी झाली तर समजावं की डाय जोडीत शिरतोय, आणि संहती १०-२० मायक्रोमोलरवर आणावी. दुसरं, तेलकट डाय ॲगारोजमध्ये, नळीत, पिपेटच्या टोकात सगळीकडे मुरतो. आपण ५० मायक्रोमोलर घातला म्हणून डीएनएला ५० दिसतो असं नाही. स्तंभातून खाली आलेल्या द्रवाचा शोषणांक घेतला की खरं चित्र कळतं.

चिकटणं कमी करायला ट्वीन-२० हा डिटर्जंट घालतात, पण सवयीने ०.०५ टक्के घालू नये. त्याचे मिसेल साधारण ०.००७ टक्क्यांवरच बनायला लागतात आणि फिरता डाय त्यात शिरून मजेत उजळतो. आम्ही ०.००५ टक्क्यांवर थांबतो. बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) तर डायच्या कामात घालूच नये, तो स्वतःच डाय धरतो. डीएमएसओ १ किंवा २ टक्के चालतो, फक्त तो प्रत्येक धुण्यातही तितकाच हवा. नाहीतर आपण डीएमएसओला प्रतिसाद देणारे रेणू निवडत बसतो.

फेऱ्या

डायने उतरलेले रेणू पीसीआरने वाढवायचे आणि पुन्हा स्तंभावर चढवायचे, अशी एक फेरी. पहिल्या फेरीत कडकपणा नको. प्रत्येक क्रमाची नळीत जवळपास एकच प्रत असते, ती वाहून गेली की कायमची गेली. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत विरोधी निवड, म्हणजे नको त्याला प्रतिसाद देणारे रेणू गाळणं, फक्त मोकळ्या मण्यांपुरती आणि डाय भरपूर. उतरलेला सगळाच्या सगळा डीएनए पीसीआरला घालायचा, नमुन्यादाखल थोडासा घालून चालत नाही. १ नॅनोमोलातून ०.१ टक्का उतरला तरी तो १ पिकोमोल, ६ वर ११ शून्यं रेणू. त्याआधी डाय काढायला हवा, कारण तो पॉलिमरेजला अडवतो. ०.३ मोलर सोडियम ॲसिटेट आणि अडीचपट इथेनॉलने डीएनए खाली बसवून ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुतला की बहुतेक डाय जातो. गोळी अजून रंगीत दिसत असेल तर आणखी एकदा. त्यानंतर २० ते २५ नळ्यांत वाटून पीसीआर.

किती चक्रं द्यायची हे आधी छोट्या पीसीआरने ठरवायचं. १०० मायक्रोलिटरची एकच प्रतिक्रिया, ६व्या चक्रापासून दर दोन चक्रांनी ५ मायक्रोलिटर बाजूला, आणि सगळे नमुने १० टक्के पॉलिॲक्रिलमाइड जेलवर शेजारी शेजारी. ८० वरची पट्टी स्वच्छ आणि एकटी दिसते ते चक्र घ्यायचं. त्यापुढे प्रायमर कमी पडू लागतात आणि वेगवेगळे क्रम एकमेकांच्याच टोकांना पकडून लांबू लागतात. जेलवर १०० च्या वर धुरकट शिडी दिसते. हा कचरा पुढच्या फेरीत आपोआप गळत नाही, उलट वाढतो, कारण लांब रेणूत प्रायमरच्या जागा जास्त. शिडी दिसली तर ८० चीच पट्टी जेलमधून कापून घ्यावी आणि पुढच्या फेरीत ३-४ चक्रं कमी करावीत. 'जरा जास्त डीएनए मिळू दे' म्हणून दिलेली ४ चक्रं पुढे दोन आठवडे खातात.

नमुना नसलेली नळी प्रत्येक पीसीआरमध्ये हवीच. ८व्या फेरीचा एक सूक्ष्म थेंब ४थ्या फेरीत पडला तरी निवड उडी मारून पुढे गेल्यासारखी दिसते आणि सगळे खूश होतात. पीसीआर लावायची जागा आणि पीसीआर झालेल्या नळ्या उघडायची जागा वेगळी ठेवणं एवढाच त्यावर उपाय.

मग दुहेरी साखळीतून एकेरी काढायची, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बायोटिन लावलेला उलटा प्रायमर वापरून स्ट्रेप्टॅव्हिडिन मण्यांवर बसवायचं आणि ०.१५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने हवी ती साखळी उतरवायची, ही रीत जलद आहे. पण अल्कलीने थोडं स्ट्रेप्टॅव्हिडिन आणि त्याला लटकलेली नको असलेली साखळीही येते. ती पूरक साखळी पुढच्या फेरीत ॲप्टामरला मिठी मारून बसते. लॅम्डा एक्सोन्यूक्लिएज ५ प्राइम टोकाला फॉस्फेट असलेली साखळी खातं. स्वस्त पडतं, फक्त पचन पुरं झालं का हे दर वेळी जेलवर पाहावं लागतं. आमची पसंती तिसऱ्या रीतीला: उलट्या प्रायमरला मधे ग्लायकोलचा अडथळा आणि पुढे २० ए ची शेपटी. पॉलिमरेज अडथळ्याशी थांबतो, दोन साखळ्यांची लांबी वेगळी होते आणि ७ मोलर युरियाच्या जेलवर त्या दोन पट्ट्यांत फुटतात. वेळ जातो, हात दुखतात, पण जे मिळतं ते नक्की एकेरी असतं. पट्टी पाहायला अतिनील दिवा चमकवत बसू नये, डीएनए भाजतो. जेलची कडेची एक पट्टी रंगवून त्यावरून अंदाजाने कापावं.

तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून चढण सुरू. लायब्ररी १०० ते २०० पिकोमोल, डाय १०० वरून ५०, २०, ५ मायक्रोमोलर असा उतरत, आणि विरोधी निवडीत भाऊबंद डाय. विरोधी डाय आधी वाहू द्यायचा, जे सुटतील ते टाकायचे, पुन्हा धुवायचं, मग खरा डाय. निवड पुढे जातेय की नाही हे दोन गोष्टी सांगतात. एक, डायने उतरलेला डीएनए आणि त्याच्या लगेच आधीच्या धुण्यातला डीएनए यांचं गुणोत्तर. सुरुवातीला ते १ च्या आसपास असतं. ते सलग दोन फेऱ्या वाढलं तर आशा. दुसरं, क्यूपीसीआरनंतरचा वितळण्याचा आलेख. यादृच्छिक लायब्ररी वितळून पुन्हा जुळते तेव्हा मधले भाग जुळत नाहीत आणि ती कमी तापमानाला सुटते. क्रमांची विविधता घटली की जोड्या नीट जुळतात आणि उंच तापमानाला नवं शिखर उगवतं. मात्र हे शिखर विविधता घटल्याचं सांगतं, बांधणी वाढल्याचं नाही. पीसीआरचे लाडके क्रम वाढले तरी ते तसंच दिसतं.

साधारण ८ ते १२ फेऱ्यांत थांबावं. गुणोत्तर वाढायचं थांबलं आणि शिखर मात्र सरकतच राहिलं, तर पुढची प्रत्येक फेरी पीसीआरची सेवा आहे.

क्रम वाचताना

फक्त शेवटची फेरी वाचणं ही खोटी काटकसर. ३री, ६वी, ८वी आणि शेवटची अशा किमान चार वाचाव्यात. टोकाचे २० बेस सगळ्यांचे सारखे असल्यामुळे वाचनयंत्र गोंधळतं, त्यासाठी फाय-एक्स या विषाणूचा डीएनए २०-३० टक्के मिसळावा किंवा टोकाला वेगवेगळ्या लांबीचे बेस जोडावेत. यादीत सगळ्यात वर जो क्रम आहे तोच सर्वोत्तम असं धरू नये. दोन फेऱ्यांमध्ये कोण किती पटीने वाढला हे पाहावं. ६व्या फेरीत २०० वेळा आणि ८व्या फेरीत ९००० वेळा दिसलेला क्रम सुरुवातीपासून लठ्ठ असलेल्या क्रमापेक्षा जास्त रस घेण्याजोगा. विरोधी डायने उतरलेला डीएनएही वाचून घेतला तर दोन्हीकडे दिसणारे क्रम सरळ काढून टाकता येतात.

जी चे तीन-तीनचे चार गुच्छ दिसले की जी-क्वाड्रुप्लेक्सची खूण. डायच्या निवडीत ते हटकून येतात, कारण त्यांच्या वरच्या सपाट पाटावर डाय मजेत बसतो. सगळेच टाकाऊ नसतात. डीएफएचबीआय-१टी ला उजळवणारा 'लेट्यूस' हा डीएनए ॲप्टामरही जी-क्वाड्रुप्लेक्सवर उभा आहे. २०२३ मध्ये त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तीत क्वाड्रुप्लेक्सबरोबर चार फाट्यांचा संगमही दिसतो. साधा क्वाड्रुप्लेक्स पाच वेगळ्या डायना उजळवतो, लेट्यूससारखा रेणू निवडक असतो. फरक ओळखायला उमेदवार तीन बफरमध्ये तपासावा: पोटॅशियम, सोडियम, लिथियम. लिथियममध्ये चमक कोसळली तर क्वाड्रुप्लेक्स आहे. मग भाऊबंद डाय घालून पाहावं, तेही उजळले तर तो आपल्या कामाचा नाही. घडीचं भाकीत करणारे नेहमीचे प्रोग्राम क्वाड्रुप्लेक्स बघत नाहीत आणि त्या जागी काहीतरी भलताच स्टेम-लूप (जोड्यांचा देठ आणि टोकाला फास) काढून देतात. त्या चित्रावर विश्वास ठेवून कात्री चालवली की ॲप्टामर मेलाच.

बांधणं आणि उजळणं या दोन गोष्टी

आत्तापर्यंत निवड झाली ती बांधण्यासाठी. उजळण्यासाठी कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून २०-३० क्रम मागवून काळ्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ५ मायक्रोमोलर डीएनए आणि १ मायक्रोमोलर डाय एकत्र करून पाहायचं. सोबत नुसता डाय, नुसता डीएनए, आणि तेच बेस विस्कटलेल्या क्रमात. यात चांगले बांधणारे पण डायला उलट विझवणारे क्रम हमखास निघतात, कारण ग्वानिन इलेक्ट्रॉन देऊन अनेक डाय विझवतो. विझणाराही सेन्सरमध्ये वापरता येतो, पण अंधारात दिवा लागलेला ओळखणं आणि उजेडात एक दिवा विझलेला ओळखणं यात संवेदनशीलतेचा फार फरक पडतो. लाखो क्रमांमधून थेट उजळणारेच वेचायचे असतील तर एका मण्यावर एकाच क्रमाच्या अनेक प्रती इमल्शन पीसीआरने वाढवून ते मणी डायमध्ये बुडवून फ्लो सायटोमीटरने वेगळे करता येतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर हे केलं तर पुढच्या पाच फेऱ्या वाचतात.

केडी, म्हणजे निम्मा डाय बांधला जातो ती डीएनएची संहती, मोजताना डाय स्थिर आणि डीएनए बदलता ठेवावा. डायची दुपटी-दुपटीने पातळ होणारी मालिका प्लॅस्टिकच्या नळ्यांत केली की प्रत्येक नळी आपला हिस्सा खाते आणि शेवटच्या नळ्यांत डायच उरत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं मग ॲप्टामरला 'कमकुवत' ठरवलं जातं. डायचं एकच मिश्रण, म्हणजे २० ते ५० नॅनोमोलर, आणि डीएनएचे १६ बिंदू, १ नॅनोमोलर ते १० मायक्रोमोलर. डीएनए कामाच्याच संहतीला तापवून थंड करावा. १०० मायक्रोमोलरच्या साठ्यातच तापवला तर जी-समृद्ध रेणू दोन-दोन एकत्र गुंफले जातात. मिसळल्यावर तासभर अंधारात ठेवून मोजावं, आणि दोन तासांनी पुन्हा. आकडे हलले असतील तर समतोल आलेलाच नव्हता. डायची संहती केडीच्या आसपास असेल तर साधं समीकरण चालत नाही, वर्गसमीकरण वापरावं.

चमक बदलत नसेल तर ध्रुवण-विषमता कामाची. डाय ४०० डाल्टनचा, ॲप्टामर २५,००० चा, त्यामुळे पकडला गेल्यावर डायचं भिरभिरणं मंदावतं आणि विषमता वाढते. पण चमकही वाढत असेल तर बांधलेला डाय सरासरीत जास्त वजन खातो, ती दुरुस्ती न केल्यास केडी खोटा चांगला येतो. आणि एका पद्धतीवर थांबू नये. दुसरी पद्धत प्रकाशाशी संबंध नसलेली हवी, उदाहरणार्थ समतापी उष्णतामापन, जिथे दोन्ही द्रावणांतला डीएमएसओ काटेकोर सारखा असेल तरच आकडा खरा. सोन्याच्या नॅनोकणांच्या रंगबदलावरून डायची बांधणी ठरवू नये: डाय स्वतःच सोन्यावर बसतो आणि डीएनएला ढकलतो, क्रम कुठलाही असो.

छाटणी आणि सेन्सर

८० चा रेणू सेन्सरला जड पडतो. आधी एका बाजूचा प्रायमर भाग काढून पाहावा, मग दुसऱ्या, मग दोन्ही. त्यानंतर बाहेरच्या स्टेममधून दोन-दोन बेस. चमक अचानक पडते तिथे एक पाऊल मागे येऊन तुटलेल्या स्टेमला जी-सी च्या २-३ जोड्या जोडाव्यात, पुष्कळदा ती परत येते. गाभ्यात एकेक बेस बदलून कुठला हात लावण्याजोगा नाही याचा नकाशा करून ठेवावा, सेन्सर बांधताना तो लागतोच.

सेन्सरचं सोपं रूप म्हणजे ॲप्टामर दोन तुकड्यांत फोडणं. गाभ्याला धक्का न लावता लूपमधून फोडायचं आणि दोन्ही तुकड्यांना शोधायच्या आरएनएला पूरक हात जोडायचे. लक्ष्य आलं की हात शेजारी बसतात, खोबण पुरी होते, डाय उजळतो. लेट्यूसचं असं रूप सार्स-कोव्ह-२ च्या आरएनएसाठी करून दाखवलं गेलं आहे. सगळा खेळ उरलेल्या स्टेमच्या लांबीचा. ६ जोड्या ठेवल्या तर तुकडे लक्ष्याशिवायही एकत्र येतात, ३ ठेवल्या तर लक्ष्य येऊनही खोबण डगमगते. हिशोब करून नेमका आकडा मिळत नाही. ३, ४, ५ अशा तिन्ही लांब्या दोन्ही तुकड्यांसाठी मागवायच्या, ९ जोड्या एका प्लेटवर लावायच्या, आणि लक्ष्यासह व लक्ष्याविना चमकेचं गुणोत्तर पाहायचं. तेही ज्या तापमानाला सेन्सर चालणार त्याच तापमानाला. २५ अंशांवर जिंकलेली जोडी ३७ ला बहुधा हरते.

छोट्या रेणूंसाठी दोन ॲप्टामर एका छोट्या स्टेमने जोडतात: एक ॲडेनोसिनसारख्या लक्ष्याचा, दुसरा डायचा. पहिला भरला की स्टेम घट्ट होते आणि दुसरी खोबण बनते. इथेही ३ ते ६ जोड्यांची मालिका, मधे मुद्दाम एक चुकीची जोडी ठेवलेले प्रकारही.

खऱ्या नमुन्यात पाऊल टाकलं की बफरमधली शान उतरते. रक्तद्रव हिरव्या भागात स्वतःच चमकतं, म्हणून लाल डाय असेल तर बरं. अल्ब्युमिन डाय चोरतं, त्यामुळे 'नुसता डाय अधिक रक्तद्रव' हा नमुना प्रत्येक प्लेटवर हवा, आणि शोधमर्यादा काढताना कोऱ्या नमुन्याच्या विचलनाची तिप्पट ही त्याच नमुन्यावरून घ्यायची, बफरवरून नाही. रक्तद्रवात पोटॅशियम ५ मिलिमोलरच्या आसपास आणि सोडियम १४०. १०० मिलिमोलर पोटॅशियममध्ये वाढवलेला क्वाड्रुप्लेक्स तिथे अर्धवट घडीत उभा राहतो. नमुना १० पट पातळ करून आपल्या बफरमध्ये मिसळणं हा सरळ मार्ग. ते शक्य नसेल तर निवडच रक्तद्रवासारख्या क्षारांत करायला हवी होती, आणि तेव्हा उपयोगी पडतात जपून ठेवलेल्या मधल्या फेऱ्या. आम्ही प्रत्येक फेरीचा दुहेरी डीएनए ५० मायक्रोलिटरच्या दोन नळ्यांत, वेगवेगळ्या फ्रीजरमध्ये, फेरीचा क्रमांक आणि बफर लिहून ठेवतो. ५व्या फेरीतून नव्या क्षारांत पुन्हा निघालं तर विविधता अजून शाबूत असते आणि ३-४ फेऱ्यांत उमेदवार हाती येतात.